सयामी की बर्मीज? आधी घरातले रिकामे तास मोजा

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये रीडिंगला राहतो. घर सेमी-डिटॅच्ड आहे. शेजाऱ्यांची आणि आमची एक भिंत सामाईक, आणि पलीकडे तान्हं बाळ आहे. आमच्या नऊ वर्षांच्या लेकीने सयामी मांजरासाठी हट्ट धरलाय. नवऱ्याचं म्हणणं, सयामी फार ओरडते, त्यापेक्षा बर्मीज घेऊ. दोन्ही एकाच घराण्यातल्या, फक्त हिचा आवाज कमी. मंगळवार ते गुरुवार आम्ही दोघंही ऑफिसला जातो आणि लेक शाळा सुटल्यावर साडेपाचपर्यंत क्लबमध्ये असते. सासूबाई दर उन्हाळ्यात नाशिकहून चार-पाच महिने येतात, त्यांना मांजरांचं वेड आहे. बर्मीज खरंच शांत असते का? दोघींच्या स्वभावात नेमका फरक काय?
– एक वाचक, रीडिंग

ताई,

तुमच्या यजमानांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. बर्मीजचा आवाज सयामीपेक्षा मऊ, जरा घोगरा असतो आणि भिंतीपलीकडे कमी जातो. पण ती गप्प राहणारी मांजर नाही. सकाळी तुमचा डोळा उघडला की तिचं सुरू होतं आणि ती खोलीखोलीतून तुमच्या मागे बोलत फिरते. घरात शांतता हवी असेल तर ब्रिटिश शॉर्टहेअर पाहा, या दोघींच्या वाटेला जाऊ नका. मला मात्र तुमच्या पत्रातली आवाजाची ओळ तेवढी अडली नाही. अडली ती मंगळवार ते गुरुवारची. तिच्याकडे येतेच, आधी या दोघींचं नातं सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

सयामी मूळची थायलंडची. तिथल्या जुन्या सचित्र पोथ्यांमध्ये शुभ मांजरींची वर्णनं पद्यात लिहिलेली आहेत. त्यांत फिकट अंगाची आणि कान, तोंड, पाय, शेपटी काळसर असलेली ‘विचियनमात’ आहे, आणि अंगभर तांबूस तपकिरी असलेली ‘सुफलक’ही आहे. म्हणजे दोन्ही रंगांची मांजरं त्या भागात पूर्वीपासून शेजारी शेजारी नांदत होती. 1884 साली बँकॉकमधले ब्रिटिश कॉन्सल गूल्ड यांनी बहिणीसाठी सयामीची जोडी इंग्लंडला आणली, आणि पुढच्याच वर्षी त्या जोडीची पिल्लं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात दिसली.

बर्मीजची गोष्ट त्यापेक्षा अलीकडची. 1930 साली डॉ. जोसेफ थॉम्पसन यांनी ब्रह्मदेशातली ‘वाँग माऊ’ नावाची एक तपकिरी भाटी सॅन फ्रान्सिस्कोला आणली. तिच्यासारखा दुसरा बोका तिथे नव्हता, म्हणून तिचा जोडा ‘ताई माऊ’ या सयामी बोक्याशी लावला. पुढच्या पिढ्यांत तीन तऱ्हेची पिल्लं निघाली : काही सयामीसारखी, काही वाँग माऊसारखी, आणि काही तिच्याहून गडद. त्यावरून उलगडा झाला की वाँग माऊ स्वतःच अर्धी सयामी होती. गडद पिल्लांपासून आजची बर्मीज तयार झाली. वाँग माऊसारखी जी मधली, तिला आज टॉन्किनीज म्हणतात. पुढे अमेरिकेत सयामीचं रक्त इतकं मिसळलं गेलं की 1947 मध्ये तिथल्या मोठ्या मांजर-संघटनेने बर्मीजची मान्यता काही वर्षं काढून घेतली होती. रंगाचंही तसंच. दोघींचा रंग एकाच जनुकाच्या दोन वेगळ्या रूपांतून येतो. त्या जनुकातून बनणारं विकर (एन्झाइम) अंगाच्या गार भागांत जास्त काम करतं, म्हणून सयामीचे कान आणि शेपटी काळी पडते. बर्मीजमध्ये हा परिणाम सौम्य, म्हणून ती जवळपास एकरंगी दिसते.

तेव्हा घराणं एकच, हे खरं. दोघीही माणूसवेड्या, दोघीही चौकस, दोघींनाही एकटेपणा सोसत नाही. फरक आहे तो त्यांच्या मागणीत. सयामीला तुमच्याकडून उत्तर हवं असतं, बर्मीजला तुमचं अंग हवं असतं. दोघींसोबत मी बरीच वर्षं काढली आहेत आणि हा फरक मला रोजच्या रोज दिसत आला.

माझी सयामी भाटी फ्रिजसमोर जाऊन बसायची. आधी दाराकडे, मग माझ्याकडे पाहायची आणि खर्जात एक लांब ‘मर्रॉऽ’ लावायची. मी ‘काय गं?’ म्हटलं की ती थांबायची, आणि मग जरा वेगळ्या सुरात पुन्हा बोलायची. मी बोलले की ती गप्प, मी गप्प झाले की ती बोलणार. भूक लागलेली असायचीच असं नाही. दार उघडून दह्याचं भांडं काढलं तर वास घेऊन निघून जायची. तिला मला तिथे बोलावून घ्यायचं असायचं. मी फोनवर बोलू लागले की तिचा आवाज चढायचा, कारण मी बोलत होते पण तिच्याशी नाही. पाहुणे आले की आधी कपाटावरून निरीक्षण करायची, आणि त्यातल्या एखाद्याशीच तिचं जमायचं. घरातही तिचं माणूस एकच होतं. ते माणूस गावाला गेलं की बाकीच्यांनी कितीही लाड केले तरी ती दारापाशी गळा काढून बसायची.

नंतर आलेला बर्मीज बोका निराळाच. मी कणीक मळायला लागले की हा ओट्यावरून थेट खांद्यावर. हनुवटी माझ्या मानेत खुपसायची आणि कानाशी, घसा बसल्यासारखा, ‘अर्र’ असा आवाज. कित्येकदा तोंड उघडायचं आणि आवाज बाहेर पडायचाच नाही. हाताला पीठ असल्यामुळे मी त्याला बाजूला करू शकत नाही, हे त्याला पक्कं कळलं होतं. दिसायला बेताचा, पण उचलला की भरभक्कम. गॅसचं मीटर वाचायला आलेला माणूस असो की लेकीच्या मैत्रिणी, त्याला कोणीच परकं नव्हतं. बसलेल्या प्रत्येकाच्या मांडीवर त्याचा हक्क. आणि घरातलं एक माणूस नसलं तर तो दुसऱ्याला धरायचा. त्यालाही रिकामं घर चालायचं नाही, पण माणसांची अदलाबदल चालायची.

ही माझी दोन मांजरं झाली आणि प्रत्येक मांजर वेगळं निघू शकतं. पण दोन्ही जाती पाळणाऱ्या कोणालाही विचारलंत तर साधारण हेच ऐकायला मिळेल.

आता शेजारच्या बाळाचं. मोठी झालेली मांजरं एकमेकांशी ‘म्याव’ क्वचितच करतात. तो आवाज मुख्यतः माणसांसाठी असतो आणि कोणत्या आवाजावर आपण उठतो, हे मांजर आपल्याकडूनच शिकतं. सयामीचा आवाज सरळ सरळ तान्ह्या बाळाच्या रडण्यासारखा लागतो. रात्री तो ऐकून शेजारी आपल्याच बाळाच्या पाळण्याकडे धावतील. पहाटे चारला तिने हाक मारली आणि तुमच्यापैकी कोणी उठून खायला घातलं, की दुसऱ्या दिवशी चारची वेळ पक्की झालीच. त्यामुळे रात्री झोपण्याआधी तिला दमवणारा खेळ, लगेच पोटभर खाणं, आणि पहाटेसाठी ठरल्या वेळी आपोआप उघडणारं खाण्याचं भांडं, एवढं पहिल्या आठवड्यापासून लावून घ्या. सवय आधीच लागली असेल तर मोडताना थोडे दिवस ओरडणं वाढतं. तेव्हा कोणीतरी कळवळून उठलं तर ती जास्त मोठ्याने ओरडायला शिकते. घरातल्या सगळ्यांचं एकमत लागतं, सासूबाईंचंसुद्धा.

दोन्ही जाती लवकर वयात येतात. काही सयामी भाट्या तर चौथ्या-पाचव्या महिन्यातच माजावर येतात, आणि माजावरच्या सयामीचा आवाज त्या भिंतीने अडायचा नाही. चौथ्या महिन्याच्या सुमारास नसबंदीबद्दल व्हेटशी बोलून तारीख घेऊन ठेवा. नसबंदीने माजाचं ओरडणं जातं. गप्पा जात नाहीत.

आणि एक लक्षात असू द्या. बडबड्या मांजराचं ओरडणं ‘हिची जातच तशी’ म्हणून सोडून देण्याचा धोका मोठा असतो. आवाजाची तऱ्हा बदलली तर दखल घ्या. उतारवयात रात्री उगाच हंबरल्यासारखं सुरू झालं तर थायरॉइड, रक्तदाब, बहिरेपण, यांपैकी काहीही असू शकतं. बोका पुन्हा पुन्हा शी-शूच्या ट्रेमध्ये बसतोय, ओरडतोय आणि लघवी होत नाहीये, असं दिसलं तर रात्र असली तरी तडक व्हेटकडे न्या. मूत्रमार्ग अडला असेल तर सकाळपर्यंत थांबणं जिवावर बेतू शकतं.

आता मंगळवार ते गुरुवार. तुमच्या वेळापत्रकावरून आठवड्यातले तीन दिवस घर आठ-नऊ तास बंद राहणार. अशा घरात एकटी सयामी ठेवली तर ती बोलणार कोणाशी? ती दारापाशी ओरडते, अंग चाटून चाटून पोटावरचे केस घालवते, नाहीतर कापड चावायला लागते. लोकर चघळायची खोड या दोन्ही जातींत पुष्कळ दिसते. सासूबाईंची शाल, मोजे, स्वेटरच्या बाह्या, काहीही चालतं. नुसतं चघळणं वेगळं, पण तुकडे गिळले तर आतडं अडतं आणि ऑपरेशनची वेळ येते. म्हणून लोकरीचे कपडे पहिल्या दिवसापासून बंद कपाटात. एकटी बर्मीजही अशा घरात सुखी राहणार नाही. ती फार आरडाओरडा करणार नाही, मिटून जाईल, आणि ते तुमच्या उशिरा लक्षात येईल. आवाज कमी म्हणून तिला कमी त्रास होतो, असा हिशेब कृपा करून करू नका.

उन्हाळ्याचं गणित याच्या उलट. सासूबाई आल्या की घर दिवसभर भरलेलं, हाताशी कायम एक मांडी आणि गप्पा मारायला माणूस. मला खात्री आहे, सयामी आणलीत तर ती दोन आठवड्यांत सासूबाईंची होईल, तुमच्या लेकीची नाही. मग सप्टेंबरात त्यांचं विमान सुटेल आणि त्याच आठवड्यात लेकीची शाळा सुरू होईल. एका माणसात जीव गुंतवणाऱ्या मांजराला दर वर्षी हे सोसायला लावायचं का, याचा विचार करा. बर्मीजलाही सासूबाईंची आठवण येईल, पण ती तुमच्यात लवकर सामावेल.

बर्मीज घेतलीत तर सासूबाईंशी एका गोष्टीवर आधीच, प्रेमाने पण स्पष्ट बोलून घ्या : दूध-पोळी नाही. नाशिकच्या मनीला ती चालली असेल. ब्रिटनमधल्या बर्मीजना मधुमेहाचा धोका इतर मांजरांपेक्षा बराच जास्त असतो आणि वजन वाढलं की तो आणखी वाढतो. ही मांजर मागण्यात पटाईत असते. ताटाशेजारी बसून, पंजा हातावर ठेवून, जन्मात काही खाल्लं नाही असा चेहरा करते. सासूबाईंना द्यायचंच असेल तर तिच्या दिवसभराच्या खाण्यातलाच थोडा भाग सकाळी त्यांच्या हाती काढून द्या आणि तो त्यांनी पुरवून पुरवून द्यावा. प्रेमही पोचेल आणि वजनही ताब्यात राहील.

बर्मीजची दुसरी अडचण तिच्या निर्भयपणाची. ती गाडीला घाबरत नाही, कुत्र्याला घाबरत नाही, परक्याच्या घरात शिरून त्यांच्या सोफ्यावर झोपते. शेजारपाजारच्या मांजरांशी मात्र हद्दीवरून कडाक्याने भांडते, त्यांच्या कॅट-फ्लॅपमधून, म्हणजे दारातल्या मांजरासाठीच्या झडपेतून, आत घुसूनसुद्धा. तुमच्याकडे मागे बाग असेल तर कुंपणाला वरून आत वळणारी जाळी लावून घ्या, नाहीतर घरातच ठेवा. इंग्लंडमध्ये 10 जून 2024 पासून मांजराला 20 आठवड्यांच्या आत मायक्रोचिप बसवणं सक्तीचं आहे, ते तर करायचंच.

आयुष्याचाही थोडा विचार करा, कारण तुमची लेक कॉलेजात जाईल तेव्हाही हे मांजर घरात असणार आहे. ब्रिटनमधल्या व्हेटकडच्या नोंदींवरून 2024 मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात बर्मीजचं सरासरी आयुर्मान 14 वर्षांच्या वर, सगळ्या जातींत वरच्या क्रमांकाचं निघालं. सयामीचं 12 वर्षांच्या जरा आत. सरासरीच ती, वीस वर्षांच्या सयामी मीही पाहिल्यात. पण निर्णय घेताना आकडा माहीत असावा.

या सगळ्यावरून माझं मत सांगते : तुमच्या घरासाठी बर्मीज, पण एक नको, दोन. एकाच वेतातली भावंडं घ्या. तुम्ही नसताना ती एकमेकांच्या अंगावर पडून झोपतील आणि तुम्ही आल्यावर दोघंही तुमच्या अंगावर पडतील. दोन परवडत नसतील, खाण्याचा, विम्याचा, व्हेटचा खर्च दुप्पट होतो हे खरंच आहे, तर ऑफिसचे दिवस आलटून पालटून करता येतात का पाहा, म्हणजे घर कधीच सलग बंद राहणार नाही. तेही जमत नसेल तर आत्ता घेऊ नका. तुमच्या लेकीला हे ऐकून वाईट वाटेल, पण रिकाम्या घरात ओरडत बसलेलं मांजर रोज पाहणं तिला त्याहून जड जाईल.

लेकीच्या हट्टाचं मात्र वरवर घेऊ नका. तिला सयामीच का हवी, हे पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही. निळे डोळे आवडलेत म्हणून हवी असेल, तर ते आकर्षण बर्मीजच्या सोनेरी डोळ्यांकडेही वळू शकतं. पण तिला बोलल्यावर उत्तर देणारं कोणी हवं असेल, तर गोष्ट वेगळी. मग टॉन्किनीजही पाहून या. ती या दोघींच्या मधली. गप्पिष्ट आहे, खेळकर आहे आणि मांडीवरही येते. दोन टॉन्किनीज तुमच्या घरात सुखाने राहतील असं मला वाटतं. ओरिएंटल नावाची जातही तुम्हाला कोणी सुचवेल. ती स्वभावाने सयामीच, फक्त रंग निराळे, त्यामुळे भिंतीचा प्रश्न तसाच राहतो.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी इथेच एक ओळ. काळ्या तोंडाचं, निळ्या डोळ्यांचं पिल्लू म्हणजे सयामी असं नसतं. तो रंग संकरातून कुठेही येतो आणि रंगाबरोबर स्वभाव येतोच असं नाही. आपल्याकडे सयामी म्हणून विकली जाणारी कितीतरी पिल्लं पर्शियनच्या मिश्रणाची असतात. त्यात वाईट काही नाही, पण सयामीच्या किमतीला आणि सयामीच्या अपेक्षेने घेऊ नका.

ताई, तुम्ही ब्रीडरकडे जाल तेव्हा संध्याकाळची, खाण्याच्या आधीची वेळ मागा. मांजरांचा खरा आवाज तेव्हाच ऐकू येतो. पिल्लांपेक्षा जास्त वेळ त्यांच्या आईपाशी बसा. ती परक्या माणसाजवळ येते का, दचकते का, कशी बोलते ते पाहा. लेकीला सोबत न्या आणि तिला जमिनीवर बसू द्या, पिल्लाला उचलायला लावू नका. बर्मीज असेल तर पोटॅशियम कमी होण्याच्या आनुवंशिक आजाराची चाचणी आईबापांची झाली आहे का, तिचा कागद मागा. त्या आजारात पिल्लाची मान खाली झुकते आणि स्नायू दुबळे पडतात. सयामी पाहिलीत तर डोळ्यांच्या आनुवंशिक अंधत्वाच्या चाचणीचं विचारा. कागद दाखवायला कुरकुर करणारा आणि 13 आठवड्यांच्या आधीच पिल्लू घेऊन जा म्हणणारा ब्रीडर, दोघांकडूनही मोकळ्या हाताने परत या.

शेजाऱ्यांनाही आधी सांगून ठेवा. बाळ नेमकं कधी झोपतं ते विचारा, आणि मांजरांची खेळाची जागा आणि ट्रे त्या सामाईक भिंतीच्या विरुद्ध बाजूच्या खोलीत लावा.